परवान्याची मुदत आणि भाषेचा रकाना : केबलवरील अनुवादित जपानी कार्टून मालिकांच्या प्रक्षेपण हक्कांची चिकित्सा (दीपनगरच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

१९९० नंतरच्या तीन दशकांत महाराष्ट्रातील मुलांच्या भावविश्वात जपानी कार्टून मालिकांनी जे स्थान मिळविले, त्याची गंभीर नोंद मराठी समीक्षेने फारशी घेतलेली नाही. जी चर्चा झाली ती बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली : या मालिकांचा मुलांच्या वर्तनावर कोणता परिणाम होतो, आणि मुले अभ्यास सोडून पडद्यासमोर किती वेळ बसतात. मालिका कोणत्या भाषेत आली, ती भाषा कोणी ठरविली, अनुवादित आवृत्ती कोणाच्या मालकीची होती आणि प्रक्षेपणाचा परवाना संपल्यानंतर त्या आवृत्तीचे काय झाले, हे प्रश्न मागेच राहिले. वस्तुतः कृतीचे आस्वादन ज्या रूपात होते ते रूप ठरविणारे हेच प्रश्न आहेत.

प्रस्तुत लेखात ‘जंगल बुक’ ही मालिका आणि ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट या दोन कृतींच्या आधारे वरील प्रश्नांचा विचार केला आहे. प्रक्षेपण हक्काच्या व्यवहारात मुदत आणि प्रदेश यांचा विचार भारतीय कायद्याने केला, भाषेचा मात्र केला नाही. परिणामी मराठी मूल हिंदी प्रेक्षक म्हणून मोजले गेले. आणि ज्या हिंदी आवृत्तीत त्याचे बालपण गेले, तिच्या जतनाची जबाबदारीही कोणावर आली नाही, ही या लेखाची मुख्य मांडणी आहे.

१. दीपनगर : प्रेक्षकाची पार्श्वभूमी

भुसावळ तालुक्यातील दीपनगर ही भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत होय. हे केंद्र पूर्वी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे होते; २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर ते महानिर्मिती कंपनीकडे आले. अशा वसाहतीचे भाषिक स्वरूप भोवतालच्या गावांहून वेगळे असते. बदलीच्या निमित्ताने विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील कुटुंबे येथे शेजारी म्हणून राहतात. आसपासच्या गावांत लेवा गणबोली आणि तावडी बोलली जाते, पश्चिमेकडे सरकावे तशी अहिराणी ऐकू येते, आणि भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने बाजारात व स्थानकावर हिंदीचा वावर जुना आहे.

या परिस्थितीत हिंदीतून आलेले कार्टून समजण्यास मुलांना अडचण पडली नाही. घरी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि पडद्यावर हिंदी अशी विभागणी विनातक्रार स्वीकारली गेली. मात्र आकलनाची ही सहजता म्हणजे निवड नव्हे. दोन भाषांतील आवृत्त्या समोर ठेवून त्यांपैकी एक निवडण्याची संधी दीपनगरच्या मुलाला मिळालीच नाही. त्याला समजते, एवढ्यावरून त्याला हेच हवे आहे असा निष्कर्ष बाजाराने काढला.

आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने तीव्र भारनियमन अनुभवले. खेड्यातील मुलाला मालिकेचा एखादा भाग पाहायला मिळेल की नाही, हे अनेकदा भारनियमनाच्या वेळापत्रकावर अवलंबून असे. चुकलेला भाग पुन्हा भेटण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पुनःप्रक्षेपण. मालिका किती वेळा दाखविता येईल, ही प्रक्षेपण परवान्यातील एक नेहमीची अट असते. म्हणजे ज्या अटीकडे केवळ व्यापारी तपशील म्हणून पाहिले जाते, तिच्यावर एका मोठ्या प्रेक्षकवर्गाला कृती संपूर्ण पाहावयास मिळणे अवलंबून होते.

२. हक्कांची साखळी : ‘जंगल बुक’

रुडयार्ड किपलिंगच्या मोगलीकथा १८९४ व १८९५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांची पार्श्वभूमी मध्य प्रदेशातील सिवनीच्या परिसराची आहे. दीपनगरच्या उत्तरेस यावल-रावेरच्या पलीकडे दिसणारा सातपुडा आणि सिवनीचे पठार हे एकाच पर्वतप्रदेशाचे भाग होत. किपलिंगचे निधन १९३६ मध्ये झाले आणि त्या वेळच्या भारतीय कायद्यातील पन्नास वर्षांची मुदत १९८६ च्या अखेरीस संपली. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये या कथांवर ५२ भागांची मालिका केली. १९९३ मध्ये तिची हिंदी आवृत्ती दूरदर्शनवर आली. सातपुड्याची कथा इंग्रजीतून जपानमार्गे हिंदीत येऊन पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचली. केबलधारकांनी दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखविल्याच पाहिजेत, असे बंधन केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम, १९९५ ने घातल्यामुळे पुढे केबलच्या घरांतही दूरदर्शनचे स्थान टिकून राहिले.

या हिंदी आवृत्तीला केवळ ‘डबिंग’ म्हणणे अपुरे ठरते. मूळ मालिकेचे शीर्षकगीत अनुवादित करण्याऐवजी गुलजार यांनी नवे गीत लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. त्यामुळे भारतीय प्रेक्षकाच्या स्मृतीत मालिकेची जी पहिली खूण आहे, ती मूळ कृतीत नाहीच. शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज लाभला. खलपात्र म्हटले की चढा स्वर, गडगडाटी हास्य, हा बालनाट्यातील ठरलेला संकेत होता. पाटेकरांच्या शेरखानची जरब शब्दफेकीतील तुटकपणात आणि मधल्या थांबण्यात आहे. चित्रातील वाघ जपानी चित्रकारांचा असला तरी त्याचा स्वभाव या आवाजाने घडविला. हा आवाज मराठी रंगभूमीवर घडलेल्या नटाचा होता, आणि मराठी मुलांनी तो हिंदीत ऐकला. मराठी आवृत्तीसाठी लागणारी कला महाराष्ट्रात उपलब्ध होती. उणीव होती ती मराठी आवृत्ती करवून घेणाऱ्याची.

या आवृत्तीचे मूल्य २०१६ मध्ये व्यवहारातच सिद्ध झाले. डिस्नेचा ‘द जंगल बुक’ हा नवा चित्रपट भारतात प्रदर्शित होताना त्याच्या हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकर यांनीच दिला, आणि प्रसिद्धीसाठी गुलजार-भारद्वाज यांचे जुने गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. डिस्नेच्या चित्रपटाचा निप्पॉन ॲनिमेशनच्या मालिकेशी कोणताही निर्मितिसंबंध नव्हता. तरीही तेवीस वर्षांपूर्वीच्या अनुवादित आवृत्तीची आठवण त्याला उपयोगी पडली. अनुवादित आवृत्ती ही मूळ कृतीची सावली नसून स्वतंत्र सांस्कृतिक मूल्य असलेली निर्मिती असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

३. केबल, न्यायालय आणि प्रक्षेपणाचा अर्थ

केबलचे जाळे प्रथम पसरले ते व्हिडिओ कॅसेटच्या आधारे. वस्तीतील एका खोलीत व्हीसीआर लावून तारेने घरोघरी चित्रपट दाखविले जात. हे खासगी पाहणे की सार्वजनिक प्रदर्शन, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर ‘गरवारे प्लास्टिक्स ॲण्ड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक’ या प्रकरणात आला. १९८९ च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, वर्गणीदारांना तारेने चित्रपट दाखविणे म्हणजे ती कृती जनतेपर्यंत पोहोचविणे होय. प्रत्येक जण आपापल्या घरात बसून पाहतो म्हणून ते खासगी ठरत नाही. प्रताधिकार अधिनियमाच्या १९९४ मधील दुरुस्तीने उपग्रह व केबलद्वारे एकाहून अधिक घरांत कृती पोहोचविणे हे जनसंप्रेषणच होय, असा स्पष्ट खुलासा कायद्यात घातला.

हा निकाल हक्कधारकांच्या दृष्टीने न्याय्य होता. तथापि त्याची दुसरी बाजू विचारात घेण्याजोगी आहे. घरातल्या घरात पाहणारे प्रेक्षक एकत्रितपणे ‘जनता’ ठरतात, हे तत्त्व मालकाचे हक्क निश्चित करण्यासाठी मान्य झाले. त्या जनतेची भाषा कोणती, हा प्रश्न मात्र त्या तत्त्वातून कधी उपस्थित झाला नाही.

४. मुदत, प्रदेश आणि भाषेचा रिकामा रकाना

परदेशी मालिका भारतीय वाहिनीवर येते तेव्हा वाहिनी ती विकत घेत नाही. ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक प्रदेशात, ठरावीक भाषांत आणि बहुधा ठरावीक वेळा दाखविण्याचा परवाना ती घेते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क सोपविण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. परवान्यांनाही हे कलम आवश्यक त्या फेरफारांसह लागू होते. भाषेविषयी मात्र असे कोणतेही गृहीतक कायद्यात नाही. संपूर्ण भारताचा हक्क घेणाऱ्याने भारतातील किती भाषांत कृती आणावी, याबाबत कायदा मौन पाळतो. बहुभाषक देशाच्या कायद्यातील हा रिकामा रकाना बाजाराने आपल्या सोयीने भरला.

ती सोय कोणती, हे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकमापनाच्या परिभाषेतून दिसते. या व्यवसायात दक्षिणेकडील राज्ये वगळता उर्वरित भारताची ‘हिंदी भाषक बाजारपेठ’ म्हणून गणना होत आली आहे, आणि महाराष्ट्र तीत समाविष्ट आहे. म्हणजे दीपनगरमधील मूल शाळेच्या पटावर मराठी माध्यमाचे आणि जाहिरातदाराच्या कोष्टकात हिंदी प्रेक्षक. कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये भारतात आले. पोगो व हंगामा टीव्ही या वाहिन्या २००४ मध्ये सुरू झाल्या. २००५ पासून डोरेमॉन हंगामावर हिंदीतून दिसू लागला. नोबिता, शिझुका, जियान ही जपानी नावे तशीच ठेवून आणि दोरायाकी या मिठाईला ‘डोराकेक’ म्हणून तिथल्या घराचे आणि शाळेचे वातावरण हिंदीत वळविण्यात आले. दक्षिणेत चित्र वेगळे होते. सन समूहाने २००७ मध्ये तमिळ मुलांसाठी ‘चुट्टी’ ही वाहिनी काढली, २००९ मध्ये तेलुगू व कन्नड आणि २०११ मध्ये मल्याळम वाहिनी काढली. त्या काळात मराठीत अशी वाहिनी उभी राहिली नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ईटीव्ही बाल भारत’सारख्या उपक्रमांतून मराठीचा पर्याय आला, तेव्हा डोरेमॉन पाहत वाढलेली पहिली पिढी वयात आली होती.

मराठी प्रेक्षकांची संख्या कमी असल्याने हे घडले, असे म्हणता येत नाही. मल्याळम भाषकांची संख्या मराठी भाषकांच्या निम्म्याहूनही कमी आहे. जी मुले हिंदीत चालवून घेतात त्यांच्यासाठी वेगळा खर्च कशाला, हा हिशेब येथे निर्णायक ठरला. मराठी माणसाच्या बहुभाषिकतेची किंमत मराठी भाषेने अशा रीतीने मोजली.

५. आवाजाचे आयुष्य : ‘रामायण’

भाषेचा प्रश्न ज्या आवृत्तीला लागू नाही, तिला जतनाचा प्रश्न लागू होतो. युगो साको यांच्या पुढाकाराने जपानमध्ये तयार झालेल्या आणि भारताच्या बाजूने राम मोहन यांचा दिग्दर्शनात सहभाग असलेल्या ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ या १९९२ मधील चित्रपटाला चित्रपटगृहांतून व्यापक प्रेक्षक मिळाला नाही. भारतीय मुलांपर्यंत तो पोहोचला प्रामुख्याने केबलवरील पुनःप्रक्षेपणांतून. अरुण गोविल यांचा राम आणि अमरीश पुरी यांचा रावण अशी हिंदी आवृत्ती त्या पिढीच्या कानात आहे. गोविल यांचा आवाज रामानंद सागर यांच्या मालिकेमुळे आधीच रामाशी जोडला गेला होता; त्यामुळे जपानी रेषेत काढलेला राम या प्रेक्षकाला परका वाटला नाही. अनुवादित आवृत्तीने परकेपणाचे अंतर कसे मिटविले, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

२४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट सुधारित चित्रदर्जासह भारतीय चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. चित्र तेच, परंतु हिंदी संवाद नव्या आवाजांत होते. हक्कधारकाला तसे करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि नव्या कलावंतांचे काम कमी प्रतीचे होते असेही म्हणावयाचे नाही. प्रश्न असा की, चित्राच्या जतनासाठी एवढे परिश्रम घेतले जात असताना जुना ध्वनी हा कृतीचा भाग मानला गेला नाही. मूळ चित्रपट ‘अभिजात’ ठरतो, त्याची अनुवादित आवृत्ती मात्र बदलता येण्याजोगे वेष्टन समजली जाते.

याउलट उदाहरण ‘जंगल बुक’चे आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली. सार्वजनिक प्रक्षेपकाचा संग्रह असल्याचा लाभ येथे दिसतो. खासगी वाहिनीची मालकी बदलते, परवाना संपतो, तेव्हा अनुवादित ध्वनिफितीचे काय होते हे प्रेक्षकाला कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय एकाच आवृत्तीची अनेक रूपे असू शकतात. २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या आक्षेपामुळे ‘शिनचॅन’चे प्रक्षेपण थांबले आणि पुढील वर्षी ही मालिका काटछाटीसह परतली. काटछाटीपूर्वीचे रूप कोठे अभ्यासावे, हे आज संशोधकाला सांगता येत नाही.

६. ग्रंथ आणि चित्रफीत

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून मराठीत आले आणि नॅशनल बुक ट्रस्टने ते प्रकाशित केले. अनुवादकाचे नाव पुस्तकावर आहे. ग्रंथ सुपूर्त करण्यासंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमानुसार प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते. त्यामुळे पुस्तक बाजारातून संपले तरी वाचकाला ते मिळू शकते. दीपनगरच्या मुलाला जपानी शाळा मराठीतून वाचता आली, ती अशा व्यवस्थेमुळे.

दूरचित्रवाणीवरील अनुवादित कृतीला यांपैकी काहीच लाभलेले नाही. भारतात दृक्श्राव्य कृतींची प्रत सार्वजनिक संग्रहालयात देण्याचे कायदेशीर बंधन नाही. वाहिन्यांवर मालिकेच्या शेवटची श्रेयनामावली बहुधा कापली जात असे. त्यामुळे संवादलेखक आणि आवाज देणारे कलावंत अनामिक राहिले. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील साहित्य व संगीतकृतींच्या कर्त्यांचा स्वामित्वधनातील वाटा मान्य केला. परंतु ज्याचे नावच नोंदलेले नाही त्याने हा वाटा मागावा कसा? श्रेय हा केवळ सौजन्याचा विषय नसून हक्काचा पाया आहे.

मराठी मुलांसाठी दृक्श्राव्य कार्यक्रम करणारी शासकीय संस्था महाराष्ट्रात होती. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. निवडक परदेशी मालिकांचे मराठी हक्क घेण्याचे काम अशा संस्थेकडे सोपविता आले असते. ते झाले नाही आणि आता ती संस्थाही नाही.

७. प्रतिपक्षाचा विचार

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हक्क ही मालमत्ता आहे आणि मालकाला विशिष्ट भाषेत आवृत्ती काढण्यास भाग पाडता येणार नाही. हा आक्षेप तत्त्वतः मान्य करावा लागतो. मात्र कायद्याने हा हक्क निरपवाद मानलेला नाही. जनतेपासून रोखून धरलेल्या कृतीसाठी कलम ३१ मध्ये सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे आणि २०१२ पूर्वी केवळ भारतीय कृतींपुरती असलेली ही तरतूद आता सर्व कृतींना लागू आहे. ती दाद मागण्याचा मार्ग सामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यातला नाही हे खरे. परंतु लोकांपर्यंत कृती पोहोचणे हे मूल्य कायद्याला अपरिचित नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

दुसरा आक्षेप असा की, आता या मालिका मोबाइलवर मिळतात, तेव्हा केबलच्या हक्कांची चर्चा कालबाह्य होय. वस्तुतः माध्यम बदलले तरी व्यवहार तोच आहे. वर्गणी घेऊन जपानी मालिका दाखविणाऱ्या नव्या सेवांनीही भारतीय भाषांची सुरुवात हिंदी, तमिळ आणि तेलुगूपासून केली. केबलच्या काळात पडलेला पायंडाच पुढे चालू राहिला आहे.

निष्कर्ष

१. अनुवादित कार्टून मालिका ही मूळ कृतीची दुय्यम प्रत नसून गीतकार, संवादलेखक आणि आवाज देणारे कलावंत यांनी घडविलेली स्वतंत्र निर्मिती आहे. समीक्षेने तिचा त्याच दृष्टीने विचार करावयास हवा.

२. प्रक्षेपण हक्काच्या कायद्यात मुदत व प्रदेश यांप्रमाणे भाषेचाही विचार व्हावा. ज्या भाषेत परवानाधारक ठरावीक काळात आवृत्ती काढणार नाही, त्या भाषेचे हक्क इतरांना माफक दरात खुले असावेत.

३. अनुवादित ध्वनिफितीची एक प्रत आणि संपूर्ण श्रेयनामावली सार्वजनिक संग्रहात देण्याचे बंधन असावे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यासाठी स्वाभाविक स्थान आहे.

४. ज्या ग्रंथालयांकडे जुन्या कॅसेट वा फिती आहेत, त्यांना कलम ५२ मधील तरतुदीनुसार जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी या सवलतीची व्याप्ती तपासून, फिती खराब होण्यापूर्वी हे काम हाती घ्यावे.

दीपनगरच्या ज्या मुलांनी १९९३ मध्ये शेरखानचा आवाज ऐकला, त्यांची मुले आज शाळेत जात आहेत. या मुलांना मोगली भेटतो तो अजूनही बहुतेक वेळा हिंदीतून किंवा इंग्रजीतून. सातपुड्यातील या कथेची सातपुड्याच्या पायथ्याच्या भाषेत एक आवृत्ती असावी, ही अपेक्षा वाजवी आहे. ती पूर्ण होण्यासाठी हक्कांच्या करारात मराठीचा रकाना प्रथम भरला गेला पाहिजे.